अजून किती पूल राहिला?

१

माझी नोकरी बघण्याची आहे. सकाळी सात ते संध्याकाळी पाच मी एक पूल बघतो.

पुलाच्या पश्चिम टोकाखाली, जिथून पायऱ्या नदीकडे उतरतात, तिथे एक लोखंडी दार आहे. त्यावर पाटी नाही, त्यामुळे लोकांना ते विजेच्या मीटरचं वाटतं. आत आमची खोली. सहा पडदे, दोन फिरत्या खुर्च्या, एक किटली आणि पाण्यापासून हातभर उंचीवर एक अरुंद खिडकी. तिच्यातून दिवसभर फक्त नदी सरकताना दिसते.

शहर जुनं आहे. कित्येक शतकं राजधानी आहे आणि तसं ते अंगावर मिरवतंही. पूर्वेच्या काठावर तटबंदी, घुमट, घड्याळाचा मनोरा. त्या सगळ्यात आमचा पूल म्हणजे कालचं पोर. तीन वर्षांपूर्वी झाला. पांढरं पोलाद, एकच तिरका खांब आणि त्याने ओढून धरलेल्या चोवीस तारा. फक्त पायी चालणारे आणि सायकली. बांधला तेव्हा जुन्या मंडळींनी नाकं मुरडली, आता तीच मंडळी नातवंडांना घेऊन त्यावर फोटो काढायला येतात.

चालायची पट्टी लोखंडी प्लेटांची आहे. दोन दोन मीटरच्या एकशे छप्पन्न प्लेटा. कठड्यालगत पिवळ्या रंगात त्यांचे क्रमांक, पश्चिमेकडून सुरू होऊन पूर्वेला संपणारे.

शेजारच्या खुर्चीत दशांश बसतो. हे अर्थात टोपणनाव. तारांचा ताण, वारा, पट्टीची थरथर हे सगळे आकडे त्याच्याकडे, आणि चहात साखर किती असं विचारलं तरी तो एक पूर्णांक पंचाहत्तर चमचे म्हणतो. माझ्याकडे कॅमेरे. कोणी कठड्यावर चढलं, कोणी पडलं, सायकली आपटल्या तर बघायचं. तीन वर्षांत एक मोडलेलं मनगट आणि एक हरवलेला कुत्रा, एवढीच माझी कमाई.

त्या सोमवारी साडेआठच्या गर्दीत मी चौथ्या पडद्याकडे बघत होतो. गर्दी नेहमीची. पण बघता बघता मला काहीतरी खुपायला लागलं, आणि काय ते कळायला दहा मिनिटं गेली. एका ठिकाणी लोक बाजूला होत होते. फार नाही, अर्धं पाऊल, खांदा किंचित वळवून. डावीकडच्या कठड्याजवळ, मोठी सतरंजी मावेल एवढी जागा. तिथे काहीच नव्हतं. तरी येणारा-जाणारा माणूस तिथे पोचला की जरा उजवीकडे सरके, आणि पुढे गेला की पुन्हा सरळ. सायकलवाले वळसा घेत. हातात हात घालून चाललेली दोघं हात सोडत, एकामागून एक होत आणि पुढे गेल्यावर पुन्हा हात धरत.

मी कॅमेरा जवळ नेला. प्लेट क्रमांक ब्याण्णव.

२

"पाणी साचलं असेल," दशांश म्हणाला. त्याने आकडे बघितले. प्लेट ढिली नव्हती, तापलेली नव्हती, थरथर नेहमीसारखी.

दुपारी आम्ही दोघं वर गेलो. गुडघे टेकून बघितलं. कोरडी, स्वच्छ, चारही बोल्ट घट्ट. दशांशने पाय आपटून बघितला, मग मी आपटला. आमच्याकडे बघत येणारे जाणारे हसत होते. त्या वेळी आम्हीच तिथे बसलो असल्यामुळे ते आम्हाला वळसा घालत होते, त्यामुळे काहीच सिद्ध झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ब्याण्णववरून लोक सरळ चालत होते. मी दशांशला कोपर मारून सांगणार होतो की झालं, मिटलं. तेवढ्यात एक बाई बाबागाडी घेऊन आली आणि जरा पुढे जाऊन तिने गाडी वळवली. तिच्यामागच्याने खांदा वळवला. प्लेट पंचाण्णव.

बुधवारी अठ्ठ्याण्णव. गुरुवारी एकशे एक.

दशांश म्हणाला, माणसं मेंढरं असतात, पुढचा वळला की मागचा वळतो, आणि अशी लाट हळूहळू सरकतही असेल, त्यात काय. मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. मग त्यानेच तपासून बघायचं ठरवलं. पूल पहाटे पाचला उघडतो. आम्ही शुक्रवारच्या पहाटेचं चित्रण काढलं. फाटक उघडल्यावर पहिला माणूस आला तो पोस्टातला, एकटाच, पिशवी खांद्याला, जांभया देत. त्याच्या पुढे पुलावर जिवंत असं काही नव्हतं. एकशे चारपाशी तो बाजूला झाला.

 दशांशने चित्रण पुढे पळवलं. साडेसहाच्या सुमाराला पूर्वेकडून एक माणूस येताना दिसला, करडा कोट, डोक्याला टोपी. एकशे चारपाशी त्याने आपली पिशवी या हातातून त्या हातात घेतली, कडेने गेला आणि जाताना मान जराशी लववली, जशी आपण वडीलधारं कोणी दिसलं की लववतो.

तो मी होतो.

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. आम्ही आधीचे दिवस काढून बघितले. रोज सकाळी मी मान लववत होतो. संध्याकाळी परत जातानाही.

३

नऊच्या सुमाराला रोज एक पियानो जुळवणारा पूल ओलांडतो. तो आंधळा आहे. पांढरी काठी, खांद्याला अवजारांची चामडी पिशवी, आणि चाल अशी ताठ की डोळसांनी लाजावं. मेंढरांची गोष्ट त्याला लागू होणार नाही, हे माझ्या डोक्यात आलं आणि आलं तसं ते मला नको झालं. पण शनिवारी मी पडद्यासमोर थांबलो. तो आला. एकशे सातच्या अलीकडे त्याची काठी थांबली, उजवीकडे सरकली, तो तिच्यामागे सरकला आणि त्याचे ओठ हलले. दोनदा हलले. मधे तो ऐकत असल्यासारखा थांबला.

मी धावत वर गेलो आणि त्याला पायऱ्यांपाशी गाठलं. पुलावर काम करतो असं सांगितलं, आणि विचारलं, वाटेत काही अडथळा लागला का.

"अडथळा कसला?" तो म्हणाला. "त्यांना जरा धक्का लागेल असं वाटलं, म्हणून बाजूला झालो."

"कोणाला?"

"ते उभे असतात ना तिथे. तुम्हाला दिसत असतील." मग त्याने माझ्याकडे कान केला. "दिसत नाहीत का?"

मी म्हटलं, गर्दी असते, लक्ष जात नाही. माणूस म्हातारा आहे की तरुण, बाई आहे की पुरुष, असं मी आडून आडून विचारलं. ते त्याला सांगता येईना. आवाज ओळखणं हा त्याचा धंदा, एका तारेवरून तो पियानो कोणत्या खोलीत ठेवलेला आहे ते सांगेल, पण हा आवाज कसा आहे हे आठवताना त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. शेवटी म्हणाला, थकलेला आहे. एवढं नक्की.

"काय बोलतात?"

"रोज एकच विचारतात. अजून किती पूल राहिला?"

"आणि तुम्ही काय सांगता?"

"काय सांगणार? आलंच म्हणून सांगतो." तो हसला. "थकलेल्या माणसाला दुसरं काय सांगायचं असतं?"

काठी टेकत तो निघून गेला. मी खोलीत परत आलो आणि कागद घेतला. दिवसाला तीन प्लेटा. सोमवारी एकशे तेरा होणार. पुढे त्रेचाळीस उरतात. म्हणजे आणखी साधारण दोन आठवडे. दोन आठवड्यांनी काय, हे मी लिहिलं नाही. पूर्वेच्या टोकाला पायऱ्या आहेत, पायऱ्यांपुढे चौक आहे, चौकापुढे ट्रामचा थांबा, आणि तिथून चार मिनिटांवर माझं घर.

४

माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे. पश्चिम काठावरच्या इस्पितळात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात ती त्यांना पुन्हा चालायला शिकवते. खुबा मोडलेले, पक्षाघात झालेले, अंथरुणाला खिळून पाय विसरलेले. ती त्यांना कशी धरते हे मी लग्नाआधीपासून बघत आलोय: डावा हात कोपराखाली, उजवा कमरेमागे, न टेकता, नुसता तयार. ती म्हणते की माणूस आपल्याला धरतो असं त्याला वाटलं पाहिजे, आपण त्याला धरलंय असं नाही.

या प्रकाराबद्दल मी तिला काहीच बोललो नव्हतो. ती रोज त्याच पुलावरून जाते, उगाच मनात किडा कशाला सोडायचा. रविवारी मात्र राहवलं नाही, आणि सहज म्हणून विचारलं, पुलावर कधी कोणी उभं दिसतं का. ती कपडे घड्या करत होती. नाही, म्हणाली. मग घडी अर्धवट ठेवून म्हणाली, "त्यांना बसायला काही नाही रे तिथे. एखादं बाकडं टाका की."

"कोणाला?"

"म्हाताऱ्या माणसांना. एकूणच." आणि उरलेली घडी घातली.

सोमवारी तिची पाळी चारला संपली. साडेचारला ती तिसऱ्या पडद्यावर दिसली, निळा कोट, भरभर चालणारी. मी तिला चौथ्यावर घेतलं. एकशे तेरापाशी ती इतरांसारखी बाजूला झाली नाही. ती थांबली. हवेकडे वळली. थोडं वाकली, जसं आपण कमी ऐकू येणाऱ्या माणसापुढे वाकतो, आणि काहीतरी बोलली. मग तिने डावा हात पुढे केला, कोपराखाली, आणि उजवा मागे नेला, न टेकता.

आणि ती चालायला लागली. इतकं हळू की पडदा अडकलाय असं वाटावं. एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. लोक दोघांना वळसा घालत होते. दोघांना. आता त्या मोकळ्या जागेत माझी बायको होती आणि तिच्या उजवीकडे तेवढीच मोकळी जागा आणखी होती.

मी तिला फोन केला. पडद्यावर तिने मागचा हात काढून खिशातला फोन बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला. हात पुन्हा मागे गेला.

जवळजवळ अर्धा तास मी तसाच बघत बसलो, मग वर पळालो. पण खोलीतून निघून, पायऱ्या चढून, सगळा पूल तुडवून जाईपर्यंत पाच वाजून गेले होते, आणि ती मला पूर्वेच्या पायऱ्या उतरताना सापडली, तिच्या नेहमीच्या चालीने.

"अरे, तू आज लवकर सुटलास?" ती म्हणाली. मग मनोऱ्याच्या घड्याळाकडे तिची नजर गेली. "हे काय, सव्वापाच?"

पुलावर गर्दी होती का, असं मी विचारलं. हो, असणार, ती म्हणाली. आणि हात चोळत राहिली.

मंगळवारी सकाळी लोक एकशे सव्वीसपाशी बाजूला होत होते.

५

आमच्या घरात तीन खोल्या आहेत आणि एक अडगळीची. अडगळीच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, सुटकेसा आणि मुलीचं अभ्यासाचं टेबल असतं. मुलगी सहावीत आहे. मंगळवारी मी घरी आलो तेव्हा तिचं टेबल पॅसेजमध्ये आलेलं होतं आणि ती फुगून त्याच्यापुढे बसली होती. तिने सांगितलं की आई काल रात्री मी झोपल्यावर खोली आवरायला लागली आणि आज कामावर जायच्या आधी आवरून संपवली.

"कशासाठी?"

"पाहुणे यायचेत म्हणाली."

मी खोलीचं दार उघडलं. सुटकेसा गेल्या होत्या. भिंतीला लागून आमचा घडीचा पलंग टाकलेला, त्यावर धुतलेली चादर, पायथ्याशी जास्तीचं पांघरूण. पलंगाच्या उशापासून दारापर्यंत भिंतीला एक लाकडी दांडा ठोकलेला होता, धरून चालायला. खिळे नवे होते.

पाचला मी निघेपर्यंत बायको पुलावर दिसली नव्हती; ती आली तेव्हा सहा वाजून गेले होते. मी पलंगाबद्दल विचारलं. ती माझ्याकडे खरोखरच्या आश्चर्याने बघत राहिली. पाहुणे? मी असं कधी म्हटलं? असावी घरात एखादी मोकळी जागा, म्हणून आवरली. दांडा का, तर तो तिला कोणीतरी इस्पितळात जास्तीचा झाला म्हणून दिला, वाया कशाला घालवायचा. प्रत्येक उत्तर धड होतं. एकेक घेतलं तर कोणालाही पटेल असं.

ती बाही वर सारून भांडी विसळत होती. डाव्या हातावर, कोपराच्या खाली, चार लांबट लाल खुणा होत्या.

"पेशंट धरतात," ती म्हणाली, माझी नजर बघून. "पडायची भीती असते ना. फार घट्ट धरतात."

तेही खरंच होतं. अशा खुणा मी पूर्वीही बघितल्या होत्या. मी आतापर्यंत अंदाज करत होतो तो असा की हा काहीतरी डोक्याचा प्रकार आहे, तिचा, माझा, सगळ्यांचाच, एखादा वास, एखादी कंपनं, पोलादातून येणारी, आपल्याला न कळणारी. दशांशही तेच म्हणत होता. पण कंपनांनी हातावर बोटं उमटत नाहीत.

मी तिला सांगितलं. सगळं नाही. पुलाच्या एका भागाचं काम निघालंय, काही दिवस धोका आहे, तू ट्रामने जुन्या पुलावरून ये. ती लगेच हो म्हणाली. माझ्या दंडावर थोपटलं. "तू म्हणतोस तर येईन ट्रामने," म्हणाली. "तू नीट झोपत नाहीस का हल्ली?"

६

बुधवारी चारला मी तिला इस्पितळाच्या दाराशी असतानाच फोन केला. ट्रामच्या थांब्याकडेच चाललेय, ती म्हणाली. मागून ट्रामची घंटाही ऐकू आली. मी फोन ठेवला आणि पडद्याकडे वळलो.

चार पंचवीसला निळा कोट तिसऱ्या पडद्यावर आला.

या वेळी दशांशनेही बघितलं. आम्ही दोघं खुर्च्या पुढे ओढून बसलो होतो, आणि किटलीतलं पाणी उकळून उकळून आटलं तरी कोणाला उठायचं सुचलं नाही. एकशे अडतीस. ती वाकली, बोलली, हात पुढे केला. मी उठणार होतो, पण दशांशने माझं मनगट धरून ठेवलं. म्हणाला, बघू दे. एकदा नीट बघू दे. त्याने पाचवा कॅमेरा जितका जवळ जाईल तितका नेला.

चेहरा तिचाच होता. हसरा, कामावरचा. ओठ हलत होते. तिच्या पुढे झुकलेल्या हाताखाली कठडा दिसत होता, कठड्यापलीकडे पाणी, पाण्यावर एक बोट. मधे काही नाही. वारा होता, तिच्या कोटाचा घेर फडफडत होता, केस उडत होते.

फक्त डावी बाही उडत नव्हती. दशांशने बोट पडद्यावर ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. कोपराखाली कोटाचं कापड चार जागी आत दबलेलं होतं, आणि तिने पाऊल टाकलं की ते ओढलं जाई, खाली, जसं कोणीतरी आपला सगळा भार त्यावर टाकून दुसरं पाऊल शोधतंय.

तेवढंच. मग कॅमेऱ्याने आपोआप उजेड जुळवून घेतला आणि चित्र पांढुरकं झालं.

"तुझ्या आकड्यांत काय दिसतं?" मी विचारलं.

त्याने आकडे पुन्हा एकदा वरून खाली बघितले. मग म्हणाला की त्या प्लेटांवर दोन माणसं चालतायत. पहिल्या दिवसापासून तिथे एक माणूस उभं आहे. त्याला वाटलं होतं यंत्र बिघडलंय, म्हणून मला सांगितलं नव्हतं. हे त्याने एकही दशांश न वापरता सांगितलं.

ती एकशे पन्नासपर्यंत गेली. तिथे तिने हात सोडवून घेतला, अलगद, एकेक बोट काढावं तसा. घड्याळ बघितलं आणि भरभर चालत पायऱ्या उतरली.

सहा प्लेटा राहिल्या होत्या.

७

गुरुवारी मी चार वाजता पूल बंद केला.

तसा अधिकार मला आहे. वाऱ्याचा वेग वाढला किंवा तारेत दोष दिसला तर एक लाल बटण दाबायचं, दोन्ही टोकांना भोंगा वाजतो, लोक पांगतात, फाटकं लागतात. वारा नव्हता. दशांशने एका तारेचा ताण खोटा लिहिला, ज्याने आयुष्यात चहाच्या साखरेचा आकडाही खोटा सांगितला नव्हता. दहा मिनिटांत पूल रिकामा झाला. बायको अजून यायची होती. आली तर तिला पश्चिमेचं फाटक बंद मिळेल, आणि मग तिला ट्रामनेच जावं लागेल.

बंद केल्यावर एका माणसाने टोकापासून टोकापर्यंत चालून पूल रिकामा असल्याची खात्री करायची, असा नियम आहे. मला जायचंच होतं. तिथे काही नाही हे मला माझ्या पायांनी बघायचं होतं, आणि असलं तर पूर्वेचं फाटक बंद आहे हे माझ्या हाताने चाचपून बघायचं होतं. दशांशने वॉकीटॉकी दिला आणि म्हणाला, मी बघतोय, काही वाटलं तर परत फिर.

रिकामा पूल मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. चोवीस तारा बारीक गुणगुणत होत्या. माझे जोडे प्लेटांवर वाजत होते, आणि प्रत्येक प्लेटेचा आवाज अगदी किंचित वेगळा होता. मी आकडे वाचत गेलो. शंभर. एकशे वीस. खाली पाणी स्वच्छ उन्हात चमकत होतं. समोर किल्ला, घुमट, चौकात लोक आईस्क्रीम खातायत. एवढ्या उजेडात भ्यायचं कशाला, असं मी स्वतःला विचारलं, आणि विचारून बरं वाटलं.

एकशे एकोणपन्नासवर मी थांबलो. एकशे पन्नास ही इतरांसारखीच प्लेट होती. एका बोल्टवर गंज धरायला लागला होता, तेवढं मी मनात टिपून ठेवलं.

"इथे कोणी आहे का?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच हास्यास्पद वाटला.

काही झालं नाही. थंडी वाजली नाही, वास आला नाही, कोणी काही विचारलं नाही. मी पाऊल टाकलं, प्लेट ओलांडली, पुढची ओलांडली, आणि पूर्वेच्या फाटकाशी पोचलो. इतकं हलकं वाटलं की मी कठड्यावर हात आपटला.

वॉकीटॉकी खरखरला. दशांश माझं नाव घेत होता. किती वेळ घेत होता कोण जाणे, कारण त्याचा आवाज घसा बसल्यासारखा येत होता.

"ऐकतोयस का? आता तरी ऐकतोयस का?"

"ऐकतोय. काही नाहीये इथे. मी सगळं चालून आलो."

 "घड्याळ बघ," तो म्हणाला.

मनोऱ्याच्या घड्याळात पावणेपाच वाजत होते. मी सव्वाचारला निघालो होतो. पूल ओलांडायला पाच मिनिटं लागतात.

"एकशे पन्नासपर्यंत तू पाच मिनिटांत आलास," दशांश म्हणाला. "मग वाकलास. मग पंचवीस मिनिटं सहा प्लेटा. मी ओरडत होतो."

मी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. तो अजून अंगापासून दूर होता, कोपरात वाकलेला. सरळ केला तेव्हा दुखला. घशाला कोरड पडली होती, खूप वेळ बोलल्यावर पडते तशी.

"आणि फाटक," तो म्हणाला. "फाटक तू किल्लीने उघडलंस. उघडून धरून ठेवलंस. बराच वेळ."

मागे वळून बघितलं तर फाटक लागलेलं होतं, आणि मी त्याच्या बाहेरच्या बाजूला उभा होतो.

८

साडेपाचला पूल पुन्हा उघडला. दशांशने फोन करून सांगितलं की लोक सगळीकडून सरळ चालतायत, कोणीच कुठे बाजूला होत नाहीये, त्याच्या आकड्यांत आता जास्तीचं कोणी नाही. त्याला हुश्श झालं होतं. ते त्याच्या आवाजात ऐकू येत होतं, आणि मी त्याचा राग धरला नाही.

मी घरी गेलो नाही. चौकातून उलट दिशेला चालत गेलो, तटबंदीला वळसा घातला, गर्दीच्या बाजारातून दोनदा फिरलो, एका दुकानात पुढच्या दाराने शिरून मागच्याने निघालो. मनाशी म्हणत होतो की मी म्हातारा होत चाललोय, विसरतोय, तिलाही विसरायचा रोग लागलाय, औषध असेल. मग ट्राममध्ये बसलो आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. कामावरून सुटायची वेळ होती, ट्राम खच्चून भरलेली. लोक दांड्यांना लटकत होते, एकमेकांच्या पायांवर उभे होते. माझ्या शेजारची जागा सबंध वाटभर रिकामी राहिली. एक बाई दोन जड पिशव्या घेऊन चढली, त्या जागेकडे आली, आणि मान लववून मागे सरकली.

मी त्याच ट्रामने परत फिरलो. उतरताना दारात हात पुढे करतोय हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा तो खिशात घातला.

सातला बायकोचा फोन आला. तिचा आवाज कित्येक दिवसांनी मोकळा वाटला. "कुठे आहेस तू? पूल बंद होता ना, मी ट्रामने केव्हाच आले. जेवायला थांबलोय आम्ही. ये लवकर."

मी तिला सांगायला हवं होतं की मुलीला घे आणि तुझ्या बहिणीकडे जा. ते माझ्या जिभेवर होतं. पण काय कारण सांगणार होतो? आणि मी तरी कुठे जाणार होतो, रोज कितीदा त्या ट्रामने फिरणार होतो? मी म्हटलं, आलोच.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढायला मला किती वेळ लागला ते मी बघितलं नाही. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. आत दिवे लागले होते, ताटल्या मांडल्याचा आवाज येत होता, पॅसेजमध्ये मुलगी वहीत डोकं घालून बसली होती.

"ये," बायको म्हणाली आणि बाजूला झाली.

मी आत आलो, टोपी काढली, कोट खुंटीला लावला. दार लागल्याचा आवाज आला नाही म्हणून वळून बघितलं. ती अजून दार धरून उभी होती, पाठ भिंतीला लावून, माझ्याकडे नाही, बाहेर बघत. जिन्यात कोणी नव्हतं. तिने डावा हात पुढे केला.

"या," ती म्हणाली. "सावकाश. उंबरठा जरा उंच आहे."